लेबलाचा रुपया

जळगाव जामोद तालुक्यातल्या साठी ओलांडलेल्या कोणत्याही शेतकऱ्यासमोर ‘ग्रेडर’ हा शब्द उच्चारावा आणि त्याचा चेहरा पाहावा. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि हा माणूस वऱ्हाडाच्या लोककथांत जाऊन बसला. केंद्राबाहेर रात्रभर बंड्यांची रांग, बैलांपुढे कडबा, माणसांपुढे ठेचा-भाकर. सकाळी उन्हे वर आली की ग्रेडरसाहेब यायचे. ढिगात हात घालून मूठभर कापूस उपसायचे, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ताणायचे, एकदा आभाळाकडे पाहायचे आणि एकच शब्द बोलायचे. पोरीचे लग्न यंदा की पुढच्या वर्षी, हे त्या शब्दावर ठरायचे. योजना गेली, केंद्र सरकारची कापूस खरेदी करणारी सीसीआय आली, ओलावा मोजायचे यंत्र आले. आठ टक्क्यांपर्यंत पुरा भाव, पुढे कपात आणि बाराच्या वर गेला की बंडी परत. शेतकऱ्याचे म्हणणे मात्र १९७२ पासून बदललेले नाही : “कापूस माया, वावर मायं, अन् भाव सांगणारा हा कोन?”

याच तालुक्यात भेंडवळ आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथल्या शेतात घटमांडणी होते. अठरा धान्ये गोलाकार मांडायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा कुठे सरकला ते पाहून वर्षाचे भाकीत सांगायचे, ही चंद्रभान महाराजांच्या वाघ घराण्यात चालत आलेली परंपरा सुमारे साडेतीनशे वर्षांची मानतात. त्या भाकितात पिकांना मिळणारे शेरे ऐकण्यासारखे असतात : अमुक पीक चांगले, तमुक साधारण, अमुक मोघम. ‘मोघम’ हा शेरा ज्याने पहिल्यांदा दिला तो माणूस मोठा जाणकार असला पाहिजे. त्यावर कोणालाही दावा लावता येत नाही. घटमांडणी मानणारे आणि न मानणारे, दोघेही दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र आधी त्याच पानावर उघडतात.

तर ग्रेड म्हणजे काय, ती कोण देतो, कशी देतो आणि तिच्यामुळे कोणाचे पोट भरते, या विषयावर ज्या मुलखाचा अर्ध्या शतकाचा अभ्यास आहे, त्या मुलखातल्या ट्रंकांपर्यंत आता नाण्यांची ग्रेड पोचली आहे. पुण्यामुंबईच्या लिलावांची रंगीत कॅटलॉगे मोबाइलवर येतात. त्यात काही नाणी पारदर्शक डबीत बसलेली दिसतात आणि डबीच्या माथ्यावर एक चिठ्ठी असते. चिठ्ठीवर आकडा. अलीकडे त्या आकड्याबरोबर झेंडा, गरुड, कोणाची तरी सही आणि सोनेरी किनारही असते. आपल्या राणीछाप रुपयालाही असे काही चिकटवून मिळेल का, अशी विचारणा मग सुरू होते.

या आकड्याचे मूळ अमेरिकेत आहे आणि ते मूळ फार करमणुकीचे आहे. १९४९ साली डॉ. विल्यम शेल्डन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तांब्याच्या जुन्या अमेरिकन सेंटांवर एक पुस्तक लिहिले आणि नाण्यांना १ ते ७० असे गुण देण्याची पद्धत मांडली. शंभर सोडून सत्तरच का? कारण १७९४ सालचा पार झिजून गेलेला सेंट एक डॉलरला मिळत असेल, तर त्याच सालचा निष्कलंक सेंट सत्तर डॉलरला जाईल, असा त्याचा हिशेब होता. म्हणजे ते गुण नव्हतेच, तो बाजारभाव होता. पुढे भाव कुठच्या कुठे गेले, गुण मात्र जागेवर राहिले. शेल्डनसाहेबांचा मूळ उद्योग माणसांच्या शरीराला गुण देण्याचा. गोलमटोल, पिळदार आणि काटकुळे असे तीन साचे करून ते त्यावरून माणसाचा स्वभाव सांगत. माणसांची ती मोजपट्टी शास्त्राने अडगळीत टाकली, नाण्यांची टिकली. साहेब वारल्यानंतर आणखी एक गोष्ट बाहेर आली. न्यू यॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट उचलून त्यांच्या जागी स्वतःकडचे हलके सेंट ठेवण्याचे कामही त्यांनी केले होते. ग्रेडरवर शंका घेण्याची वऱ्हाडी सवय किती शास्त्रशुद्ध आहे, ते यावरून कळावे.

१९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी अशा दोन कंपन्या निघाल्या आणि शेल्डनचा आकडा प्लास्टिकच्या डबीत बंद झाला. डबी जोडलेली असते ती अशी, की न फोडता उघडता येऊ नये. तिला ते लोक स्लॅब म्हणतात. (जळगाव जामोदमध्ये “रुपयावर स्लॅब टाकला” असे कोणी म्हटले तर ऐकणारा आधी सिमेंटची पोती किती लागली ते विचारील.) त्या वेळी ही सोय गरजेची होती यात वाद नाही. विकणारा ज्याला ‘कोरे करकरीत’ म्हणे, तेच नाणे परत घेताना त्याला ‘जरासे वापरलेले’ वाटे. तिसऱ्याच माणसाने नाणे पाहावे, खरे-खोटे ठरवावे, आकडा लिहावा आणि सील करावे, ही कल्पना चांगलीच. आपल्याकडे १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया दुर्मीळ आहे आणि दुर्मीळ असल्यामुळेच त्याच्या नकलांचा सुकाळ आहे. अशा ठिकाणी जाणत्या तिऱ्हाइताच्या शब्दाला किंमत असते.

पण धंद्याला एक अडचण आली. टांकसाळी सुधारल्या. आजची टांकसाळ संग्राहकांसाठी जी नाणी पाडते ती जन्मतःच जवळपास निर्दोष असतात. पाचपट भिंगाखाली दोष दिसला नाही की सत्तर. अमेरिकेचे ‘सिल्व्हर ईगल’ हे चांदीचे नाणे दरवर्षी निघते. ग्रेडिंगला जाणाऱ्या नव्या ईगलांना बहुतेक एकोणसत्तर नाहीतर सत्तर मिळतात. एकाच टांकसाळीतून, एकाच पेटीतून, एकाच दिवशी निघालेली हजारो जुळी भावंडे आणि सगळ्यांचे मार्क सारखे. आता यातले एक जास्त भावाने कसे विकायचे?

तेव्हा चिठ्ठी कामाला लागली.

पहिली चिठ्ठी ‘फर्स्ट स्ट्राइक’. नाव ऐकून असे वाटावे की साचा नुकताच बसवला, पहिला ठोका पडला आणि हेच ते नाणे. प्रत्यक्षात अर्थ एवढाच, की नाणे विक्रीला आल्यापासून पहिल्या तीस दिवसांत ते ग्रेडिंगच्या हिशेबात पोचले. अमेरिकन टांकसाळीने जाहीरपणे सांगून ठेवले आहे, की कोणते नाणे आधी पडले आणि कोणते नंतर, याची नोंद ती ठेवत नाही. तेव्हा फर्स्ट स्ट्राइकच्या डबीत साचा झिजत आल्यावरच्या शेवटच्या ठोक्याचे नाणेही सुखाने नांदू शकते. एनजीसीने पुढे ते नाव सोडून ‘अर्ली रिलीजेस’ असे जरा नरम नाव घेतले. मग ‘फर्स्ट डे ऑफ इश्यू’ आले. एकतिसाव्या दिवशी पोचलेल्या नाण्याचा दोष काय, तर कुरिअरवाल्याच्या गावची जत्रा.

दुसरी चिठ्ठी सहीची. सिल्व्हर ईगलच्या १९८६ सालच्या मूळ नाण्यावरचा गरुड जॉन मर्कँटी यांनी कोरला. त्यांच्या सहीच्या चिठ्ठ्या निघाल्या. ज्याने गरुड घडवला त्याची सही, इथवर नाते जोडता येते. पण टांकसाळीच्या माजी संचालकांचीही सही मिळू लागली. २०१४ साली अमेरिकेने बेसबॉलच्या सन्मानार्थ पहिल्यांदाच वाटीसारखी खोलगट नाणी काढली, तेव्हा चिठ्ठ्यांवर खेळाडूंच्या सह्या आल्या. खेळाडूने ते नाणे पाडले नाही, कोरले नाही, बहुधा पाहिलेही नाही. सही असते ती कागदाच्या तुकड्यावर, नाणे बिचारे खाली गप्प बसलेले. डबी फोडली तर सहीचा भाव जातो, आणि न फोडली तर नाण्याला हात लागत नाही.

तिसरा प्रकार सगळ्यांत लोभस आहे. २००७ साली जॉन अल्बानीज यांनी सीएसी नावाची संस्था काढली. हे गृहस्थ पीसीजीएसच्या संस्थापकांपैकी आणि एनजीसीचे तर प्रवर्तकच. सीएसीचे काम असे, की दुसऱ्यांनी दिलेली ग्रेड बरोबर आहे का ते तपासायचे आणि बरोबर असेल तर डबीवर हिरवी टिकली लावायची. कंपनीने कंजूषपणा करून कमी मार्क दिलेत असे वाटले तर सोनेरी टिकली. थोडक्यात ग्रेडरवर ग्रेडर. सीसीआयच्या केंद्रावर असा माणूस नेमला असता तर वऱ्हाडाने त्याची मिरवणूक काढली असती. २०२३ पासून या संस्थेने स्वतःच्या डब्याही सुरू केल्या. आता त्या डब्यांवर टिकली कोण लावणार, हा प्रश्न सध्या मोकळा आहे. दरम्यान नकली नाणी ओळखण्यासाठी निघालेल्या डब्यांच्याच नकला निघाल्या. म्हणून चिठ्ठीवर होलोग्राम आला आणि डबीत मोबाइलने वाचायची चिप आली. नाणे ओळखायला माणूस शिकला नाही तरी चालेल, चिठ्ठी ओळखायला शिकलाच पाहिजे.

हे सगळे जळगाव जामोदच्या घरात आणून पाहिले की खरी गंमत सुरू होते. इथला नाणेसंग्रह अल्बममध्ये नसतो. तो देव्हाऱ्यात असतो, ट्रंकेत लुगड्याच्या घडीत असतो, नाहीतर आजीच्या पानाच्या डब्यात. त्यात एखाददुसरा राणीछाप कलदार, पंचम जॉर्जचे राजाछाप, युद्धकाळातला भोकाचा पैसा, चवल्या, पावल्या. वर २०११ साली चलनातून गेलेले पंचवीस पैसे, आणि चहाच्या टपरीवर हातात आलेले म्हणून बाजूला ठेवलेले काही तुकडे : १९९९ सालचा शिवछत्रपतींचा दोन रुपयांचा, त्याच वर्षीचा ज्ञानेश्वर माउलींचा रुपया, २००२ सालचा तुकोबांचा, २००७ सालचा लोकमान्यांचा पाचाचा ठोकळा. दिवाळीला हा संग्रह बाहेर निघतो. आधी चिंचेने, मग राखेने किंवा पितांबरीने घासून असा लखलखीत केला जातो, की राणीचे नाक दर वर्षी थोडे थोडे बसत जावे. मग पाटावर मांडून हळद, कुंकू, अक्षता, वर दुधाचा थेंब. शंभर लक्ष्मीपूजने पाहिलेला असा रुपया अमेरिकेतल्या तज्ज्ञापुढे गेला तर तो त्याला आकडाच देणार नाही. त्यांच्या शास्त्रात घासलेल्या नाण्याला गुण नसतात. चिठ्ठीवर ‘डिटेल्स’ असे लिहून पुढे गुन्ह्याचे नाव घालतात : साफ केलेले, ओरखडलेले, भोक पाडलेले, कडी काढलेले. शेवटचे दोन गुन्हे आपल्याकडे गुन्हे नव्हेत, दागिने होत. गळ्यात घालायला नाण्याला कडी लावणे हा वऱ्हाडातल्या सोनाराचा पिढीजात धंदा.

खरे तर नाण्यावर शेरा मारण्याची कला या मुलखाला परकी नाही. सातपुडा ओलांडला की बुऱ्हाणपूर, तिथे मोगलांची टांकसाळ. पूर्वेला एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, तिथेही टांकसाळ. नागपूरकर भोसल्यांचे रुपये वेगळे, पेशवाईतले चांदवडी आणि अंकुशी वेगळे. बाजारात एकाच दिवशी पाच प्रकारचे रुपये येत, प्रत्येकाचे वजन निराळे आणि प्रत्येकाचा बट्टा निराळा. सरकारदरबारी पोतदार आणि पेठेत सराफ, ही त्या काळची पीसीजीएस आणि एनजीसी. सराफ रुपया आपटून नाद ऐकायचा आणि शंका आली तर सुलाखायचा, म्हणजे टोचून आतली धातू पाहायचा. चांगला निघाला तर अनेकदा आपली खूण त्याच्यावरच ठोकून द्यायचा. चिठ्ठीचा खर्च नाही, डबीचा नाही, आणि खूण उडून जाण्याची भीती नाही. दहा सराफांच्या हातून गेलेल्या रुपयावर बादशहाचे नाव शोधावे लागते. आजच्या ग्रेडरच्या लेखी ही सारी मोडतोड असली, तरी त्या खुणा नाण्याविषयीच बोलतात. हे तपासले, हे खरे निघाले, एवढेच त्या म्हणतात. अमुक तारखेच्या आत दुकानात आले म्हणून जास्त पैसे द्या, असे त्यातली एकही म्हणत नाही.

विशेष चिठ्ठ्यांनी या छंदाचे भले होते का, याचे उत्तर तिथेच कुठेतरी आहे. चिठ्ठी नाण्याविषयी काही सांगत असेल तर ती ठेवावी. कॅलेंडरविषयी किंवा विकणाऱ्याविषयी सांगत असेल, तर ती सजावट आहे आणि सजावटीचे पैसे सजावटीइतकेच द्यावेत.

चांगल्या चिठ्ठीचे उदाहरण राणीछाप रुपयातच आहे. १८६२ सालचा रुपया वऱ्हाडात घरोघरी सापडतो, कारण १८६२ हीच तारीख टांकसाळींनी पुढे दहाबारा वर्षे तशीच चालवली. मुंबईच्या टांकसाळीने मात्र तारखेखाली बारीक ठिपके घालायला सुरुवात केली आणि ते ठिपके मोजून नाणे नेमके कोणत्या वर्षी पडले असावे, याचा अंदाज अभ्यासक बांधतात. भिंगाशिवाय न दिसणारे हे ठिपके चिठ्ठीवर लिहिले असतील, तर त्या चिठ्ठीने नाणे वाचायला मदत केली. अशी चिठ्ठी वाचून एखादे पोर भिंग घेऊन आजीच्या डब्याकडे धावले, तर छंदाचा फायदाच आहे.

कधी कधी लोकच चिठ्ठी लावतात आणि ती कंपनीपेक्षा पक्की बसते. १९११ साली पंचम जॉर्जचा पहिला रुपया आला. राजाच्या झग्यावर जी मानाची साखळी होती, तिच्यातला हत्ती कोरणाऱ्याकडून असा काही आखूड सोंडेचा झाला, की लोकांना तो डुक्कर दिसला. हिंदू आणि मुसलमान, दोन्ही धर्मांची माणसे एकाच गोष्टीवर एकत्र रागावली. सरकारने नाणी मागे घेतली, शिल्लक वितळवली आणि १९१२ साली हत्तीला धड सोंड मिळाली. वितळण्यातून वाचलेल्या त्या रुपयाला आजही व्यापारी डुकराचा रुपयाच म्हणतात. एवढे नेमके वर्णन करणारे लेबल कोणत्याही कंपनीच्या कलाविभागाला सुचले नसते.

आणि नाणे कुठून आले ते सांगणारी चिठ्ठी तर सोन्याहून मोलाची. २०१३ साली कॅलिफोर्नियात एक जोडपे कुत्र्याला फिरवायला निघाले होते. आपल्याच जमिनीत त्यांना पत्र्याचे आठ डबे सापडले, आत सोन्याची १,४२७ नाणी. पीसीजीएसने ती डबीत घातली तेव्हा चिठ्ठीवर त्या ठेव्याचे नाव घातले, ‘सॅडल रिज होर्ड’. ते नाव नसते तर ती नाणी चार गावच्या चार बाजारांत विरघळून गेली असती. अकबराने अशा चिठ्ठीची वाट पाहिली नाही. १६०१ साली बुऱ्हाणपूरजवळचा अशीरगड पडला तेव्हा त्याने ससाण्याचे चित्र असलेली सोन्याची मोहोर पाडवली आणि ‘असीर’ हे गावाचे नाव तिच्यावरच घालून टाकले. गिरसप्पा धबधब्याचे नाव असलेली ‘गेरसोप्पा’ ही बोट फेब्रुवारी १९४१ मध्ये कलकत्त्याहून चांदी घेऊन जाताना जर्मन पाणबुडीने बुडवली. सत्तर वर्षांनी समुद्रतळातून ती चांदी वर काढली, तेव्हा ब्रिटनच्या टांकसाळीने त्यातून पाडलेल्या नाण्यांच्या कडेवर बोटीचे नाव कोरले. जन्मगाव लिहिण्याची ही पद्धत जळगाव जामोदकरांना समजावून सांगावी लागत नाही. शेजारच्या जामोदचे नाव जोडले नाही, तर त्यांची टपालाची पाकिटे खान्देशातल्या जळगावला जाऊन सोनारबाजार पाहून परत येतात.

आता याच तालुक्यात नांगराला हंडा लागला असे समजू. पुढे काय होते, ते सातपुड्याच्या पायथ्याला सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या दिवशी कोणी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी भावाभावांत बोलणे बंद होते. तिसऱ्या दिवशी अर्धी नाणी कुठल्या तरी मुशीत असतात. खरे म्हणजे १८७८ सालचा निखात निधीचा कायदा अजून जिवंत आहे. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे, असे तो सांगतो. मर्यादा आजही दहाच रुपये. नाशिकजवळ अंजनेरीला डॉ. परमेश्वरीलाल गुप्तांनी १९८० साली उभी केलेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिथल्यासारख्या अभ्यासकांना नाणे किती चकाकते यापेक्षा ते कोणत्या शिवारात, कशाबरोबर, किती खोल सापडले, हे हवे असते. ‘जळगाव जामोद तालुका, वावर नांगरताना, मडक्यात, सोबत अमुक नाणी’ एवढ्या ओळीची साधी चिठ्ठी वऱ्हाडाच्या इतिहासात एक पान घालू शकते. ही चिठ्ठी लावायला कोणी पैसे घेत नाही, आणि बहुधा म्हणूनच ती कोणी लावत नाही.

अमेरिकेला पाठवून सत्तरचा आकडा आणावा म्हणावे, तर तिथेही कायदा उभा आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपुढचे नाणे ही पुरावस्तू ठरते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. वयाची शंभरी भरली की माणसाचा सत्कार होतो, नाण्याचा पासपोर्ट जप्त होतो. त्यामुळे शिवराई घ्या की राणीछाप, परदेशी डबीत दिसणारी जुनी भारतीय नाणी ही आधीपासून तिकडे असलेली असतात, निदान असायला हवीत. ट्रंकेतल्या आजोबांच्या रुपयाला गावातच राहून नाव कमवावे लागेल.

गावात मात्र त्याच्यासाठी दुसऱ्याच चिठ्ठ्या तयार आहेत, आणि त्या मोबाइलवर येतात. ‘वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे आहे? लाखो मिळवा!’ २०१२ साली निघालेले हे नाणे कोणाच्याही गल्ल्यात सापडू शकते. जाहिरातीतला माणूस आधी कौतुक करतो, मग नोंदणी फी मागतो, मग कर मागतो आणि हे सारे मिळाले की त्याचा फोन लागत नाही. हा धंदा इतका वाढला, की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला निवेदन काढावे लागले : आमच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीत फी किंवा कमिशन मागणाऱ्यांच्या नादी लागू नका, आम्ही असे काही करत नाही. त्याच बँकेला जानेवारी २०१८ मध्ये उलट दिशेने समजावावे लागले होते, की दहा रुपयांची नाणी चौदा वेगवेगळ्या नक्ष्यांची आहेत आणि चौदाही चालतात. म्हणजे ज्या पाच रुपयांची किंमत पाचच आहे ते लाखाला घ्यायला लोक तयार, आणि ज्या दहाची किंमत दहा आहे ते दहाला घ्यायला किराणावाला तयार नाही. प्रकरण दोन्हीकडे एकच. हातातले नाणे कोणी पाहिले नाही, त्याच्याविषयी फिरणारा निरोप तेवढा वाचला.

चमकदार चिठ्ठ्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. या छंदात नवा माणूस येतो तो ठिपके मोजायला येत नाही. तो काहीतरी छान दिसले म्हणून येतो. झेंड्याची डबी वाढदिवसाला मिळालेले पोर उद्या त्या नाण्यावरचा गरुड पाहील, परवा दुसरे नाणे मागेल. अमेरिकेतल्या जुन्या संग्राहकांचा एक सल्ला तिकडे सगळ्यांच्या तोंडी असतो, की नाणे घ्या, डबी घेऊ नका. सल्ला योग्य आहे, पण तो देणारे सगळे आधी डबीच घेऊन आलेले असतात. अडचण तेव्हा होते, जेव्हा पोर मोठे होते आणि डबीतच राहते. तीच सही, तोच गरुड, फक्त चिठ्ठीची किनार निळीऐवजी लाल, आणि म्हणून दुसरी डबी. तिथे नाण्यांचा छंद संपून छापील कागदांचा सुरू होतो. कागदही जमवावेत, हरकत कोणाचीच नाही. भाव मात्र कागदाचा द्यावा.

या भावाची परीक्षा घ्यायची तर खामगावला जावे. तिथली चांदी नावाजलेली, गावाला रजतनगरी म्हणतात, आणि धनत्रयोदशीला जळगाव जामोदहून माणसे नांदुऱ्यावरून तिकडेच शिक्का घ्यायला जातात. समजा, न्यू जर्सीतल्या पुतण्याने पाठवलेला सिल्व्हर ईगल घेऊन एक काका तिथल्या सराफाच्या गादीवर टेकले. डबी आहे, सत्तरचा आकडा आहे, पहिल्या दिवसाचा शिक्का आहे, आणि वर शाईची सही. संवाद साधारण असा होईल :

“हे काय आणलं काकाजी?”

“पुतण्यानं अमेरिकेतून धाडलं. सत्तरपैकी सत्तर मार्क हायेत त्याले.”

“चांदी किती?”

“एकतीस ग्राम. एकदम शुद्ध.”

“मंग डबी फोडा लागन. काट्यावर पलास्टिक कसं तोलू?”

“डबी फोडली त मार्क जातेत ना शेठजी!”

“मार्क तुमच्याजोळ ठेवा, चांदी मले द्या.”

“अन् हे सही? ज्यानं हा गरुड काढला ना, खुद्द त्याची हाये.”

सराफ चष्मा वर सारून सही दोनदा वाचतो, डबी उलटी करून मागूनही पाहतो.

“चेकवर असती, त इचार केला असता.”